मागचं चाक

भोक केवढं होतं, हे मला जवळजवळ प्रत्येकानं विचारलं. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी, बँकेतल्या सहकाऱ्यांनी, शेजारच्या पद्मा अक्कांनी. कुणी बोटांनी माप दाखवायचं, "एवढं?" मी सांगायचे, चार सेंटिमीटर. मधल्या आकाराच्या सेफ्टी पिनेएवढं. ते ऐकून समोरचा माणूस गप्प व्हायचा. एवढ्याशा भोकापायी पाच दिवस आयसीयू, दोन ऑपरेशनं आणि साडेतीन महिने पोटावर पिशवी, हे त्याला पटायचंच नाही.

मलाही आधी पटलं नव्हतं. मी बँकेत काम करते, पोटातलं मला काही कळत नाही. इथं जे लिहिलंय ते त्या साडेतीन महिन्यांत डॉक्टरांना विचारून, रिपोर्ट चाळून आणि रात्री जागून वाचून समजलेलं आहे. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं अण्णांकडून समजलं. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, सोलापूर डेपोला, ३१ वर्षं.

*

२०२२च्या पावसाळ्यात अण्णांना जिना चढताना दम लागायला लागला. हिमोग्लोबिन निघालं ७.४. आई म्हणाली, जेवण कमी झालंय. दादा म्हणाला, वय झालं, चौसष्ट म्हणजे काय कमी आहे? आमचे नेहमीचे डॉक्टर मात्र म्हणाले, "साठी उलटलेल्या पुरुषाचं रक्त उगाच कमी होत नाही. ते कुठून तरी गळतंय. कुठून, ते शोधायचं." आधी तोंडावाटे दुर्बीण घालून जठर बघितलं. काही नव्हतं. मग उरलं मोठं आतडं.

कोलोनोस्कोपी हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७पासून खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली अशी ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिथंही हा आजार मागेच दिसतो. त्यामुळे तिकडे पन्नाशीच्या आसपास लोक जशी ही तपासणी सहज करून घेतात, तसं इथं होत नाही. इथं माणूस कोलोनोस्कोपीला जातो तो काहीतरी झाल्यावर, आणि घाबरून.

तपासणी ऐकायला सोपी आहे. आदल्या रात्री दोन लिटर पाण्यात पावडर कालवून प्यायची, आतडं धुऊन निघतं. दुसऱ्या दिवशी गुंगीचं औषध देऊन गुदद्वारातून बोटभर जाडीची लवचिक नळी आत सरकवतात. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, ते पार शेवटपर्यंत बघायचं. वाटेत कोंब, म्हणजे पॉलिप दिसला, तर तारेच्या फासानं तिथल्या तिथं कापून काढता येतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोघांनी हे करून दाखवलं. त्याआधी आतवरचा असा कोंब काढायचा तर पोट फाडावं लागायचं. कोंब वेळेत निघाला की पुढचा कॅन्सर टळतो, इतकी ही तपासणी कामाची आहे.

आणि हजारो लोकांपैकी एखाद्याच्या आतड्याला या तपासणीत भोक पडतं. नुसतं बघायचं असेल तर धोका फार कमी, मोठा कोंब कापायचा असेल तर जास्त. फॉर्मवर हे लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी तोंडीही सांगितलं होतं. अण्णांनी ऐकलं, मान हलवली आणि सही केली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता.

*

भोक पडतं कसं, हे मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. मला वाटायचं, नळीचं टोक टोचत असेल. तसंही होतं, पण तो एकच प्रकार.

मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग नागमोडी असतो. त्याला सिग्मॉइड म्हणतात. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटून पक्का असतो, हा मधला मात्र दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा सैल लोंबतो. नळी पुढे ढकलली की टोक पुढे जाण्याऐवजी कधीकधी मधलीच नळी कमानीसारखी वाकते आणि ती कमान आतड्याच्या भिंतीवर दाबते. टोक तिकडे भलतीकडे असतं, कॅमेऱ्यात सगळं ठीक दिसत असतं, आणि भिंत फाटते मागे. आधीच्या एखाद्या आजारानं किंवा ऑपरेशननं आतडं आत कुठं चिकटलेलं असेल तर ते सरकत नाही, आणि धोका वाढतो. अण्णांचं अपेंडिक्स तरुणपणी पोटात फुटलं होतं. त्याचा व्रण पोटावर आहे. आतले व्रण बाहेरून कुणाला दिसत नाहीत.

दुसरा प्रकार हवेचा. आतडं फुगवल्याशिवाय आत काही दिसत नाही. हवा जास्त झाली तर ताण सगळ्यात रुंद भागावर येतो, म्हणजे उजवीकडच्या सीकमवर. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो शरीरात लवकर शोषला जातो. तिसरा प्रकार उष्णतेचा. कोंब कापताना वीज वापरतात, तिच्यानं भिंत भाजते, आणि भोक दोन-चार दिवसांनी, माणूस घरी गेल्यावर पडतं.

ही सगळी माहिती सर्जन मॅडमनी नंतर अण्णांना कागदावर चित्र काढून सांगितली. अण्णांनी चित्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "हे तर मागचं चाक झालं की."

मॅडमना कळलं नाही. अण्णांनी समजावलं. तुळजापूरच्या घाटात बस वळवताना नवा ड्रायव्हर पुढच्या चाकाकडे बघतो. पुढचं चाक बरोबर वळतं, पण मागचं चाक त्याच वाटेनं येत नाही, ते आतून कापत येतं. दगडाला लागतं ते मागचं चाक. ड्रायव्हरला समोर रस्ता मोकळा दिसत असतो.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "काका, मी हे आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार."

*

त्या दिवशी सकाळी अकराला तपासणी सुरू झाली. वीस मिनिटांत डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "नळी एका जागी अडकतेय. जोर लावणं बरोबर नाही, मी थांबलोय. तपासणी अर्धवट राहिली. यांना आज घरी नेऊ नका, रात्रभर इथंच राहू द्या."

दुपारी अण्णांचं पोट दुखायला लागलं. तपासणीनंतर गॅसनं दुखतं, हे आधी सांगितलेलं होतं. अण्णा नर्सला म्हणाले, "गॅसच असेल, ताई." सलग बारा तास गाडी चालवून कंबर धरली तरी ब्र न काढणारा माणूस. पण गॅसचं दुखणं गॅस सरला की कमी होतं, हे वाढत गेलं. संध्याकाळी साडेसातला नाडी १२४ होती. पोट फळीसारखं कडक. डॉक्टर घरून परत आले, पोटाला हात लावला आणि लगेच उभं धरून छातीचा एक्स-रे काढायला सांगितला.

छातीचा का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. त्याचं उत्तर असं, की आतड्यातून निसटलेली हवा वर चढते आणि पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याखाली जमते. एक्स-रेत यकृताच्या वर एक काळी चंद्रकोर दिसते. तिथं ती कधीच नसते. डॉक्टरांनी फिल्म खिडकीपाशी धरली आणि ती चंद्रकोर मला आणि दादाला बोटानं दाखवली. म्हणाले, "आतड्याला भोक पडलंय. ते तपासणीतच पडलंय. आता सर्जनची गरज आहे, मी बोलावलंय."

नंतर कितीतरी दिवस आमच्या घरात जी भांडणं झाली, ती सगळी या तीन वाक्यांवरून.

*

सर्जन मॅडम नऊला आल्या. त्यांनी काय काय पर्याय असतात ते उभ्याउभ्या सांगितलं. नंतर लक्षात आलं की तो एक जिनाच आहे, आणि आजारी माणूस जितका उशिरा सापडतो तितक्या खालच्या पायरीवर उतरावं लागतं.

तपासणी चालू असतानाच भोक दिसलं आणि लहान असलं, तर त्याच नळीतून धातूची क्लिप लावून ते बंद करता येतं. एक सेंटिमीटरच्या आतलं असेल तर साध्या क्लिपनं बऱ्याचदा भागतं, थोड्या मोठ्यासाठी वेगळी, चिमट्यासारखी क्लिप असते. भोक बारीक असेल, पोट मऊ असेल, ताप नसेल, तर काही जणांना ऑपरेशनही लागत नाही. तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन, अँटिबायोटिक्स आणि दर काही तासांनी पोटाला हात लावून बघणं. आतडं आधी धुतलेलं असतं म्हणून हे जमतं. मॅडम म्हणाल्या, टायफॉइडनं आतडं फुटलेले पेशंट आम्ही पूर्वीपासून बघतोय, त्यांचं पोट कितीतरी घाण झालेलं असतं.

पोट कडक झालं की मात्र ऑपरेशन. त्यातही पायऱ्या आहेत. कडा निरोगी असतील आणि फार वेळ गेला नसेल तर नुसते टाके, जमलं तर दुर्बिणीतून. भिंत चेचलेली असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडायची. आणि भिंत सुजलेली, पोटात घाण, रक्तदाब घसरलेला, असं सगळं एकत्र असेल तर जोडायचं नाही. ओल्या भिंतीत ठोकलेला खिळा टिकत नाही, तसा तो सांधा टिकत नाही. तो सुटला तर माणूस जातो. मग खालचं टोक शिवून आत ठेवायचं आणि वरचं टोक पोटावर बाहेर काढायचं, शौच पिशवीत. आंरी हार्टमन नावाच्या फ्रेंच सर्जननं १९२१ साली ही पद्धत कॅन्सरसाठी मांडली होती. शंभर वर्षं झाली तरी अडचणीच्या रात्री सर्जन तिच्याकडेच वळतात.

संमतीचा फॉर्म दादानं हातात घेतला, तर मॅडमनी तो काढून घेतला. म्हणाल्या, "पेशंट शुद्धीवर आहे. सही त्यांची." तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. जीव वाचवायला लगेच करणं भाग असेल तेवढाच अपवाद. हे मला नंतर वाचनात आलं. त्या रात्री मला एवढंच दिसलं, की कुणीतरी अण्णांकडे बघून अण्णांशी बोलतंय. मॅडमनी विचारलं, "काका, पँटचा पट्टा कुठं बांधता?" आणि नाभीच्या डावीकडे, पट्ट्यापासून दूर, पेननं एक फुली मारली. पिशवी लागलीच तर ती पट्ट्याखाली दबायला नको म्हणून.

पिशवी लागली. फाट चार सेंटिमीटर होती आणि आजूबाजूची भिंत काळीनिळी पडली होती. रात्री अडीचला मॅडम बाहेर आल्या तेव्हा आईनं त्यांचे दोन्ही हात धरले.

*

आयसीयूच्या बाहेरच्या रात्रींमध्ये मी फोनवर वाचत बसायचे. एका रात्री सुश्रुतसंहितेपाशी पोचले. तिच्या चिकित्सास्थानात पोटाच्या आजारांवर एक अध्याय आहे. आतड्याला भोक पडलेल्या माणसाचं पोट नाभीखाली डावीकडून उघडायचं, भोकाच्या कडा एकत्र आणायच्या आणि त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्यांना चावायला लावायचं. मुंगी घट्ट चावली की तिचं धड तोडायचं, डोकं तिथंच राहू द्यायचं. मग आतडं आत घालून पोट शिवायचं. वाचून अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, क्लिपही तेच करते. चावते आणि तिथंच राहते.

हे मी दादाला दाखवायला गेले. तो म्हणाला, "मुंग्या राहू दे. मी उद्या पोरं घेऊन येतोय."

दादाचं युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे, पंधरा-वीस पोरं कामाला आहेत. त्याचा राग खोटा नव्हता. चालत आलेला बाप आयसीयूत नळ्यांत पडला होता. "चूक केली म्हणून स्वतः कबूल केलंय की बे त्यानं! तूच ऐकलंस."

हॉस्पिटलच्या दारात एक बोर्ड होता, बहुतेक हॉस्पिटलांत असतो तसा. महाराष्ट्राचा २०१०चा कायदा: रुग्णालयात हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. त्या बोर्डानं दादाचा राग कमी झाला नाही. मला वाटतं, बोर्डानं कुणाचाच होत नाही. मामानं मात्र त्याला एका वकिलाकडे नेलं, आणि मीही गेले.

वकिलांनी दोन निकाल सांगितले. एक जुना, आपल्या मातीतला. १९५३ साली कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली, त्याला पुण्याला आणलं. भूल न देता जोर लावून हाड बसवल्याचा आरोप होता. मुलगा गेला. जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६८ साली डॉक्टर दोषी ठरले. कोर्टानं म्हटलं, डॉक्टरनं प्रत्येक पायरीवर वाजवी काळजी घेणं हे त्याचं कर्तव्य आहे. दुसरा निकाल २००५चा, जेकब मॅथ्यूचा. नुसता वाईट परिणाम झाला किंवा निर्णय चुकला म्हणून तो निष्काळजीपणा होत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी तो ढळढळीत असावा लागतो, आणि आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं, शक्यतो सरकारी नोकरीतल्या, मत घ्यावं लागतं.

"मग आमची केस कशात बसते?" दादानं विचारलं.

वकील म्हणाले, "जोर लावला की थांबला, घरी पाठवलं की ठेवून घेतलं, लपवलं की सांगितलं, यावर बसते. कागद मागा, तो तुमचा हक्क आहे. बाकी तुमच्या वडिलांना विचारा."

*

अण्णांना विचारायला दहा दिवस लागले. जखमेत पू झाला होता, रोज ड्रेसिंग. शुद्धीवर, पण थकलेले. दादानं सगळं सांगितलं. वकील, निकाल, कागद. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

मग म्हणाले, "एसटीत अपघात झाला की चौकशी लागते. ब्रेक तपासला होतास का, दारू प्यालास का, स्पीड किती होता. ते सगळं विचारायचंच. पण आम्ही ड्रायव्हर लोक आपसात एकच विचारायचो. गाडी थांबवली, का पळाला?" थोडा वेळ थांबून म्हणाले, "हा थांबला की बे."

दादा उठून बाहेर गेला. तो अजूनही पूर्ण पटलेला नाही, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. अण्णांचं शरीर अण्णांचं, पण त्या रात्रीची भीती दादाचीही होती. कागद आम्ही मागितले. ते मिळाले, आणि त्यात वेळा बरोबर होत्या. केस झाली नाही.

*

पिशवीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं लिहिते. पोटावर लाल, ओलसर, गुलाबाच्या कळीसारखं आतड्याचं तोंड असतं. त्याला हात लावला तरी दुखत नाही, तिथं तशी जाणीवच नसते. चकती तीन-चार दिवसांनी बदलायची, कातडी कोरडी ठेवायची. पहिले दिवस आईनं केलं. मग अण्णांनी तिच्या हातातून कात्री घेतली आणि चकतीचं भोक स्वतः कापलं, मापात. "मशीनचं काम आहे," म्हणाले.

वास येत नव्हता. पण आवाज यायचा, आणि त्यावर काबू नसतो. बंद खोलीत पाहुणे बसलेले असताना पोटातून आवाज आला की अण्णा मान खाली घालायचे. शेंगाचटणी बंद, कडक भाकरी बंद, मुगाचं वरण आणि मऊ भात. जानेवारीत गड्डा आला. दरवर्षी बाराबंदी घालून नंदीध्वजांमागे चालणारा माणूस त्या वर्षी घराबाहेर पडायला तयार नव्हता. पद्मा अक्का आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अण्णा, गर्दीत कुणाचं पोट वाजतं ते कुणाला कळतंय?" अण्णा गेले. चालले नाहीत, कडेला खुर्ची टाकून बसले. सातही नंदीध्वज पुढून जाईपर्यंत हात जोडून होते.

*

खरी परीक्षा त्यानंतर होती. पिशवी काढून आतडं जोडायच्या आधी उरलेलं आतडं बघणं गरजेचं होतं. मुळात रक्त कुठून गळतंय हे अजून सापडलंच नव्हतं. म्हणजे पुन्हा कोलोनोस्कोपी, या वेळी पोटावरच्या तोंडातून. अडचणीचं वळण आता वाटेत नव्हतं, तरी नळी तीच. दादा म्हणाला, पुण्याला जाऊ. आई म्हणाली, राहू दे, पिशवी आहे तर आहे, जीव तर आहे.

अण्णा त्याच डॉक्टरांकडे गेले. मॅडम शेजारी उभ्या होत्या. उजव्या बाजूच्या आतड्यात दोन सेंटिमीटरचा देठाचा कोंब निघाला. रक्त तिथूनच येत होतं. तो तारेच्या फासानं काढला. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण त्या वाटेला लागलेला. फेब्रुवारीत आतडं जोडलं. सहाव्या दिवशी अण्णांना शौचाला झाली आणि आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. कशाबद्दल, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

आता गल्लीत कुणाला ही तपासणी सांगितली की तो अण्णांकडे येतो, "करू का नको?" या आशेनं की हा माणूस तरी नको म्हणेल. अण्णा म्हणतात, करा. पण आधी चार गोष्टी बोलून घ्या. पोटाची जुनी ऑपरेशनं सगळी सांगा, लहानपणची सुद्धा. अडकलं तर थांबणार ना, असं विचारा. रात्री लागलं तर सर्जन कुठून येणार, ते विचारा. आणि नंतर पोट दुखलं, दुखणं वाढत गेलं, ताप आला, तर गॅस म्हणून गप्प बसू नका.

एवढा मोठा कोंब निघाला की तीन वर्षांनी पुन्हा बघायचं असतं. म्हणजे येत्या जानेवारीत, गड्डा संपल्यावर. अपॉइंटमेंट दादानं घेतलीय, त्याच डॉक्टरांची. मी विचारलं, "का रे?" तर मशीनवरची मान वर न करता म्हणाला, "त्याला अण्णांचा घाट माहीत झालाय आता."